आजोबांचा घडीचा चाकू रोज खिशात ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या चंचीत एक घडीचा चाकू सापडला. पातं गंजलंय, थोडं हलतंय, मूठ शिंगाची वाटते. तो दुरुस्त करून रोज वापरावा की नवा घ्यावा? लॉक (उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी कळ) नसलेला चाकू बोटं कापणार नाही का? आणि खिशात चाकू ठेवला म्हणून पोलिसांनी अडवलं तर?

दुरुस्त करा आणि तोच ठेवा. माझी सगळी नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूमला, पंच-डाय म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे बनवण्यात गेली. घडीचे चाकू दुरुस्त करण्याचा नाद त्याच्या जोडीनंच लागला आणि अजून सुटलेला नाही. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. रोजच्या चाकूत सगळ्यात आधी बघायचं ते पातं किती पातळ आहे हे. पोलाद कुठलं, कंपनी कुठली, मूठ कशाची, हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि या एका बाबतीत आपल्या आजोबांच्या पिढीचे चाकू हल्लीच्या भारदस्त दिसणाऱ्या चाकूंना सहज मागं टाकतात.

खात्री करायची असेल तर पात्याच्या पाठीला, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या जाड कडेला, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. जुन्या घडीच्या चाकूत पाठ साधारण २ मिलिमीटर, फार तर अडीच भरते आणि तिथून धारेपर्यंत पातं निमुळतं होत जातं. ऑनलाइन जे काळे, जाडजूड चाकू विकायला असतात त्यांची पाठ साडेतीन-चार मिलिमीटर असते. त्यानं पेरू कापून बघा. पातं पाचरीसारखं आत शिरतं आणि फळ कापलं जाण्याऐवजी तडकतं. धार कितीही चढवा, धारेच्या मागचं लोखंड जाड असेल तर काही उपयोग होत नाही. खिशातल्या चाकूला दिवसभरात काय काम असतं? फळ, सुतळी, खताच्या पोत्याची शिलाई, पार्सलची टेप, पेन्सिल. त्यासाठी पातळ पातं आणि सहा ते आठ सेंटिमीटर लांबी पुरे होते.

आता लॉकचं बघू. कारण तिथंच नवे लोक जास्त घाबरतात.

साध्या घडीच्या चाकूत पातं, ते जिच्यावर फिरतं ती खीळ आणि मुठीच्या पाठीची स्प्रिंग, एवढेच कामाचे भाग. पात्याचं बूड म्हणजे मुठीत राहणारा भाग. त्याला सपाट बाजू घासलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांच्यावर दाब देऊन बसते. पातं पूर्ण उघडलं की एक बाजू स्प्रिंगला टेकते, मिटलं की दुसरी. काही चाकूंत नव्वद अंशावर मध्येच एक थांबा असतो. तो फार कामाचा, कारण मिटताना पातं तिथं क्षणभर अडतं आणि बोटं बाजूला घ्यायला सवड मिळते. धार खाली दाबून कापताना सगळा जोर पातं उघडं ठेवण्याच्या दिशेनंच जातो. ते मिटायला बघतं फक्त पाठीवर जोर आल्यावर: टोक खुपसताना, किंवा लाकडात अडकलेलं पातं हिसका देऊन काढताना. ही दोन कामं त्याला सांगायची नाहीत. डब्याचं झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, ऊस तोडणं हेही नाही. उसाला कोयता आहे.

म्हणजे लॉक नसणं हा दोष नाही, स्प्रिंग ढिली असणं हा दोष आहे. चांगली स्प्रिंग कशी ओळखायची? पातं नखाच्या खाचेला धरून सावकाश उघडा. सुरुवातीला हाताला जोर लागला पाहिजे, मध्ये चाल एकसारखी हवी आणि शेवटी पातं आपल्या आपण ओढलं जाऊन टक्क असा आवाज यायला हवा. नख मोडेल इतकी कडक स्प्रिंगही नको. अशा चाकूशी झटताना हात सटकतो आणि कापून घ्यायला होतं. मग पातं उघडं ठेवून चाकू खिडकीच्या उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि बाजूच्या पितळी पट्ट्या यांच्यामधून उजेड आरपार दिसायला नको. शेवटी पातं दोन बोटांत धरून आडवं हलवा. तुम्ही ‘हलतंय’ म्हणता ते असं आडवं असेल तर खीळ ढिली झालीय, आणि ते काम सोपं आहे. वर-खाली हलत असेल तर बूड किंवा स्प्रिंग झिजलीय. मग खीळ काढून चाकू पूर्ण खोलावा लागतो. ते घरी करू नका.

पण खिळीला हात लावण्याआधी चाकू धुवा. निम्म्या वेळा दुरुस्तीची गरजच उरत नाही. चंचीतला चाकू म्हटल्यावर तंबाखूचा भुसा, कात आणि चुना आलाच. चुना बुडाशी बसून दगडासारखा कडक होतो आणि पात्याला नीट टेकू देत नाही. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घाला, पातं पाण्याखाली उघडा-मिटा, जुन्या टूथब्रशनं सांधा घासा, दात कोरायच्या काडीनं स्प्रिंगच्या फटीतून मळ काढा. आधी काळं-तपकिरी पाणी येतं, मग राखाडी. स्वच्छ पाणी येईपर्यंत करत राहा. मात्र शिंगाची मूठ जास्त वेळ भिजवू नका, ती फुगते आणि वाळताना तडकते. चुन्याचा खडा निघत नसेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर घेऊन तेवढ्याच जागी लावा, फसफस थांबली की लगेच साबणानं धुऊन टाका, नाहीतर व्हिनेगर पोलादही खाईल. फडक्यानं पुसून पंख्याखाली उघडा ठेवा. पूर्ण वाळल्यावर सांध्यात तेलाचा एक थेंब.

तेल कुठलं, तर आपल्या घरात हाताशी असतं ते शेंगतेल अजिबात नको. ते कालांतरानं चिकट होतं, खवट वास येतो आणि त्यावर धूळ बसून सांधा परत जाम होतो. खोबरेल थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल चालेल, पण त्याच चाकूनं फळं खाणार असाल तर औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली आणा. तिला वास नाही, ती खवट होत नाही आणि पोटात गेली तरी भीती नाही.

गंजाचं म्हणाल तर लाल आणि काळा यांत फरक करा. लाल गंज पोलाद पोखरत जातो, तो काढायचा. बारीक पॉलिश पेपरवर तेल घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं घासा. काळा-निळसर थर मात्र राहू द्या. कार्बन पोलादाच्या पात्यानं लिंबू, कैरी, कांदा कापत गेलं की तो आपोआप चढतो आणि लाल गंजाला बऱ्यापैकी अडवतो. तुमच्या घरात जुना अडकित्ता असेल तर त्याची पाती काळी पडलेली असणार. सुपारीतल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी क्रिया होऊन तो रंग येतो. आजोबांचा चाकू पान-सुपारीच्या चंचीत राहिलेला, तेव्हा त्याच्यावरचा काळेपणा हा त्यांच्या वापरानं आलेला आहे. बफिंग मशीनवर नेऊन तो चकचकीत करून घ्याल तर हा थर जाईल, नखाची खाच गुळगुळीत होईल आणि बुडाजवळचा ठसा पुसला जाईल. त्या ठशावर भिंग धरून बघा. शेफिल्ड किंवा सोलिंगेन अशी अक्षरं दिसली तर चाकू इंग्लंडचा किंवा जर्मनीचा. काहीच नसेल तरी त्यामुळं तो हलका ठरत नाही.

धुतल्यावरही पातं आडवं हलत राहिलं तर खीळ ठोकायची. सांध्याची एक बाजू ऐरणीवर टेकवून छोट्या बॉलपीन हातोड्यानं खिळीच्या डोक्यावर अगदी हलके ठोके द्यायचे. दोन-तीन ठोके झाले की पातं उघडून मिटून बघायचं, मग चाकू उलटा करून दुसरी बाजू. जोरात ठोकलं तर सांधा आवळतो, आणि आवळलेला सांधा सैल करणं हे ढिला आवळण्यापेक्षा कितीतरी किचकट आहे. हात बसलेला नसेल तर कुलपं आणि अडकित्ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडं द्या, आणि काम चालू असताना समोर उभे राहा.

धार मात्र स्वतः लावायला शिका. सायकलवर सहाण फिरवणाऱ्याकडून विळी, सुरी खुशाल लावून घ्या, पण हे पातळ पातं वेगानं फिरणाऱ्या ग्राइंडरच्या चाकाला लावू देऊ नका. पात्याला पाणी दिल्यानंतर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यानंतर, ते साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. चाकावर पातळ धार त्याच्या कितीतरी वर तापते. कडेला निळी झाक आली म्हणजे ती जागा ३०० अंशाच्या आसपास गेली आणि तिथलं पाणी उतरलं. मग ती जागा कितीही घासा, दोन दिवसांत बोथट होणार. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या पात्यांत गंजानं गेलेल्यांपेक्षा अशी जळालेली जास्त असतात. त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे नुकसान काही सेकंदांचं असतं आणि भरून येत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक बारीक. त्याच्या जोडीला १००० नंबरचा वॉटर पेपर आणि तो चिकटवायला काचेचा तुकडा. एवढं सामान पुरतं. कोन प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश. अंश डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून पाठीची उंची मोजा. पातं १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ४ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात, ५ उचलली की जवळपास २०. धारेच्या कडेला मार्करनं काळी रेघ ओढा आणि दोन-चार हात मारून बघा. शाई वरच्या बाजूला निघाली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या अगदी कडेला निघाली तर फार वर. एका बाजूनं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागते, तो बर. तो बुडापासून टोकापर्यंत सलग आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. धार न लागण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, माणूस बर यायच्या आत कंटाळतो. दोन्ही बाजू झाल्या की वॉटर पेपर, आणि शेवटी चामड्याच्या तुकड्याच्या आतल्या, खरबरीत बाजूवर पातं उलटं ओढायचं, पाठ पुढं आणि धार मागं. चामडं विकत आणायची गरज नाही. चप्पल लाइनला कुणाकडंही कापलेल्या तळाचा तुकडा मागितला तर मिळेल. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं या कामाला उत्तम.

आमची काही मंडळी रविवारी सकाळी मिसळ खाऊन रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसतात. खिशातले चाकू पंचावर मांडले की कुणाचा व्यवसाय काय ते सांगावं लागत नाही. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याकडं एकाच रुंद पात्याचा साधा चाकू आहे. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा तासून चव आणि कणी बघायला त्याला तेवढं लागतं, आणि गूळ सांध्यात वाळू नये म्हणून तो संध्याकाळी गरम पाण्यानं धुतो. चप्पल बनवणाऱ्याचं पातं सरळ धारेचं, टोक नसलेलं. बैठकीवर तो रापीच (चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार) वापरतो, पण बाहेर पट्ट्याचं टोक किंवा दोरा कापायला हे पातं लांबीभर फळीवर टेकतं, चामडं ओढलं जात नाही. नर्सरीवाल्याचा कलमाचा चाकू एकाच बाजूनं घासलेला आहे, दुसरी बाजू सपाट. पाचर कलमाचा काप सपाट आला तरच दोन्ही लाकडं एकमेकांना चिकटून बसतात. त्याच्या मागच्या टोकाला साल उचलायची पितळी जीभ आहे. डोळा भरताना, म्हणजे सालीखाली दुसऱ्या झाडाचा डोळा बसवताना, ती लागते.

एका निवृत्त शिक्षिकांकडं फ्रान्सचा ओपिनेल असतो. जोसेफ ओपिनेल यांनी तो साव्हॉय भागात १८९० मध्ये काढला. बीच लाकडाची गोल मूठ, कार्बन पोलादाचं पातळ पातं, स्प्रिंग नाहीच. पात्याच्या मुळाशी फिरवायची कडी १९५५ मध्ये आली, तेव्हापासून तो उघडा अडकवता येतो. फळं कापायला इतका गुणी चाकू मी दुसरा पाहिला नाही. पण आपल्या पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगतं आणि पातं निघता निघत नाही. नखानं झटायचं नाही. कडी सैल करून मुठीचं मागचं टोक दगडावर हलकं आपटायचं, पातं थोडं वर येतं. साव्हॉयचे शेतकरीही असंच करतात. बाईंनी उन्हाळ्यात मुठीला आणि सांध्याच्या फटीला जवसाचं तेल पाजलं, तेव्हापासून त्रास बराच कमी झाला.

आमचा चित्रकार मित्र जपानचा हिगोनोकामी बाळगतो. घडी घातलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, एक खीळ. स्प्रिंगही नाही, लॉकही नाही. पात्याला मागं एक शेपूट असतं, त्यावर अंगठा दाबून धरला की पातं मिटत नाही. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावची ही वस्तू. एके काळी जपानी शाळकरी पोरांच्या खिशात पेन्सिल तासायला असायची. हा मित्रही तेच करतो, चारकोल पेन्सिलीचं शिसं बोटभर उघडं काढतो. शार्पनरनं ते जमत नाही. माझ्या स्वतःच्या खिशात तीन पात्यांचा अमेरिकन स्टॉकमन आहे. त्याची पाती गुराख्यांच्या कामावरून ठरलेली. टोकदार पातं सगळ्या कामांना, सरळ धारेचं फळीवर कापायला आणि बोथट टोकाचं जनावरांचं खच्चीकरण करायला, टोक भलतीकडं रुतू नये म्हणून. मी ते शेवटचं पातं पार्सल उघडायला वापरतो, आतली वस्तू ओरखडत नाही.

इतकं सांगितलं ते अशासाठी की तुम्हाला पुढं दुसरा चाकू घ्यावासा वाटेलच. तेव्हा आधी आपण रोज काय कापतो ते बघा आणि त्याप्रमाणं पात्याचा आकार घ्या. काळजी घ्यायला वेळ नसेल तर स्टेनलेसचा स्विस चाकू घ्या. कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले, आणि १८९७ मध्ये नोंदवलेल्या ऑफिसर चाकूचीच रचना आजच्या लाल चाकूत आहे. त्याचं पोलाद फार कडक नसतं, म्हणून धार लवकर उतरते, पण तितकीच लवकर लागते. शिकायला तो चांगला.

पावसाळ्यात आजोबांच्या चाकूसाठी एक पथ्य पाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो चामडी म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि म्यानाच्या आकारात लाल गंज उठतो. म्यान फक्त बाळगायला, घरी आल्यावर चाकू बाहेर, तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात. खंडेनवमीला घरच्या हत्यारांसोबत त्याची पूजा कराल तर हळद-कुंकवाची बोटं दुसऱ्या दिवशी पुसून घ्या. आम्ही सगळे करतो पूजा, आणि सांध्यात गेलेलं कुंकू पण सगळेच काढत बसतो.

मूठ शिंगाची म्हणता, ती कशाची आहे ते नीट बघा. म्हशीचं शिंग काळं, गुळगुळीत, उजेडासमोर कडेला जरा पारदर्शक दिसतं. खडबडीत, खोबणी असलेली, तपकिरी-पिवळसर असेल तर सांबरशिंग असू शकतं, जुन्या चाकूंना ते सर्रास लावायचे. सांबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या शिंगाची खरेदी-विक्री करता येत नाही. तशी मूठ निघाली तर चाकू बाळगण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि कुणी सांबरशिंगाची नवी मूठ बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. शिसम किंवा म्हशीचं शिंग लावा.

आता पोलिसांचं. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम ज्या पात्यांना शस्त्र मानतात ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. घरगुती, शेतीची आणि उद्योगातली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचा चाकू या मापाच्या आसपासही नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्यांत सुरे, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते. गणेशोत्सवात, दसऱ्याला तर वर्तमानपत्रात आदेश आलाय का ते बघत जा. आदेश असेल तेव्हा, मिरवणुकीला, अंबाबाईच्या देवळात किंवा कोर्टात जाताना चाकू घरी ठेवा. झटक्यानं किंवा बटणानं उघडणारे चाकू, रामपुरी वगैरे, हौस म्हणूनसुद्धा खिशात नकोत. ते बघणाऱ्याच्या मनात आधीच भांडण उभं राहतं, आणि फळ कापायला ते आपल्या साध्या पात्यापुढं फिके आहेत. चारचौघांत चाकू काढायचा तर काम समोर असतानाच काढा, झाल्यावर पुसून लगेच मिटा, आणि कुणाला द्यायचा तर मिटूनच द्या. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत सापडला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील आणि परत मिळणार नाही.